बालवयातील प्रासंगिक घेरी : निदानाचा इतिहास

लहान मुलास पूर्वसूचनेवाचून येणारी, काही मिनिटांत वा तासांत आपोआप थांबणारी आणि पुनःपुन्हा उद्‌भवणारी घेरी. झटक्याच्या वेळी मूल एकाएकी भेदरते, फिकट पडते, जवळच्या व्यक्तीस घट्ट धरते. त्याचा तोल जातो, कधी उलटी होते, बुबुळे लयबद्धपणे हलतात. शुद्ध मात्र हरपत नाही. काय होत आहे हे त्या वयात शब्दांत सांगता येत नसल्याने हा विकार अपस्मार समजला जाऊन अनावश्यक औषधोपचार होण्याचा धोका असतो.

घेरीचे मूळ अंतर्कर्णात असू शकते, हे प्रॉस्पर मेन्येर यांनी १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. तोपर्यंत अशा झटक्यांची गणना बहुधा मेंदूच्या विकारांत होत असे. कानात कोमट वा थंड पाणी सोडून नेत्रगती पाहण्याची परीक्षा रॉबर्ट बारानी यांनी प्रचारात आणली. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांमधील या विकाराचे स्वतंत्र वर्णन एल्. एस्. बॅसर यांनी १९६४ मध्ये केले व तो तोलाच्या तंत्रिकेच्या विकाराचा प्रकार मानला. १९६७ मध्ये जी. एम्. फेनिकेल यांनी त्याचा संबंध अर्धशिशीशी जोडला. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या १९८८ च्या वर्गीकरणातही तो अर्धशिशीच्या गटातच ठेवण्यात आला.

रक्तचिन्हक : निदान केवळ पालकांच्या कथनावर अवलंबून राहू नये, म्हणून रक्तातील चिन्हकाचा शोध सुरू झाला. २००५ मध्ये रोडू व हेलबर्ग या स्वीडिश संशोधकांनी अशा मुलांच्या रक्तात क्रिएटीन कायनेज या एंझाइमाचा ‘एमबी’ हा प्रकार वाढलेला आढळल्याचे प्रसिद्ध केले. हृदयस्नायूच्या इजेचे चिन्हक म्हणून तो आधीपासून परिचित होता. तथापि हे एंझाइम अन्य स्नायूंतूनही रक्तात येते आणि निरोगी लहान मुलांतही त्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त असू शकते. त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून घेरीचे कारण ठरत नाही. ही तपासणी नित्याच्या निदानात रूढ झाली नाही.

२०१८ च्या वर्गीकरणानुसार निदानासाठी किमान पाच झटके, त्यांची ठराविक लक्षणे आणि दोन झटक्यांमधील काळात तंत्रिका तंत्र, श्रवण व तोल यांची प्रकृत स्थिती आवश्यक आहे. रक्तचिन्हकाचा त्यात समावेश नाही. २०२१ मध्ये बारानी सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्था यांनी ‘बालवयातील पुनरावर्ती घेरी’ ही नवी संज्ञा सुचविली. तिचे निकषही लक्षणांवरच आधारलेले आहेत. रक्तशर्करा, हीमोग्लोबिन इ. तपासण्या अन्य कारणे वगळण्यास उपयोगी पडतात. अपस्मार, तसेच मेंदूच्या मागील भागातील गाठ नाही याची खात्री करणे महत्त्वाचे असते. झटक्याचे बारकाईने केलेले निरीक्षण हेच या निदानाचे प्रमुख साधन राहिले आहे.