वैमानिकाचा नंबर

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपनीत वीस वर्षं काढलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, की ज्येष्ठतेच्या यादीच्या तळाला, को-पायलट म्हणून लागतो. कोणतं विमान, कोणता बेस, नाताळात रजा की ड्यूटी, सगळं यादीतल्या नंबरावर. लॉगबुकातल्या तासांना तिथे कुणी विचारत नाही.

ही चाल मूळची रेल्वेची. साहेबाच्या मर्जीला चाप बसावा म्हणून इंजिनड्रायव्हरांच्या संघटनांनी ती रुजवली. वैमानिकांची ‘अल्पा’ ही संघटना 1931 साली निघाली, 1936 साली विमान कंपन्या रेल्वेच्याच कामगार कायद्याखाली आल्या, आणि पुढच्या करारांतून यादीही आली. मंदी आली की फर्लोवर, म्हणजे बिनपगारी घरी, तळाचे आधी जाणार. परत बोलावताना वरचे आधी येणार. एका कंपनीत हे चोख चालतं.

पण रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी गेलेल्याचा नंबर, दुकानच दुसऱ्याच्या दुकानात मिसळल्यावर धरायचा का?

2005 साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या, तेव्हा यूएस एअरवेजचे सुमारे 1,700 वैमानिक फर्लोवर होते. ते म्हणाले, नोकरीला लागल्याची तारीख धरा. समोरचे म्हणाले, तुमची कंपनी दिवाळखोरीत होती, आमच्यामुळे वाचलात. मे 2007 मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यूएस एअरवेजचे 517 जण सर्वांत वर ठेवले, कारण मोठी आंतरराष्ट्रीय विमानं त्यांच्याकडेच होती. मधले प्रमाणात मिसळले, फर्लोवाले तळाला. सोळा-सतरा वर्षं नोकरीत असलेला माणूस काल लागलेल्या पोराच्या खाली! हिशेब मला पटतो. पण तो ज्याच्या वाट्याला आला, त्याला पटणं अवघड.

त्यात डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं आणि वरच्या जागाही अडल्या. संख्येने जास्त असलेल्या यूएस एअरवेजवाल्यांनी 2008 साली ‘अल्पा’लाच मतदानात हरवून स्वतःची संघटना आणली. खटले सुरू झाले. विमानांना रंग एकच, पण ‘ईस्ट’चा, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजचा, कॅप्टन आणि ‘वेस्ट’चा, म्हणजे अमेरिका वेस्टचा, को-पायलट एका कॉकपिटमध्ये बसत नसत.

निकोलाऊंची यादी लागू झालीच नाही. 2013 साली अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं, आणि 2016 साली लवादांच्या नव्या मंडळाने तिन्ही गटांची एक यादी केली. तीही मिसुरीच्या दोन सिनेटरांनी 2007 साली आणलेल्या कायद्याखाली. तो कायदा आला होता 2001 सालच्या रागातून: टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेताना तिचे बरेच वैमानिक यादीच्या तळाला गेले होते, आणि ती यादी होती अमेरिकन एअरलाइन्सचीच.