रुळांनी दिलेलं नाव

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्याची गावं आहेत. एकाच्या नावामागे बाजार लागला, दुसऱ्याच्या नावामागे रेल्वे. मी रेल्वेवाल्या चांदूरचा. बाहेरगावी कुणी गाव विचारलं आणि मी ‘चांदूर रेल्वे’ म्हणालो, की समोरचा थांबून राहतो. त्याला वाटतं, यानं स्टेशन सांगितलं, गाव सांगायचं राहिलं. श्रोतेहो, आज या आडनावाची कुळकथा सांगतो.

१८५३ साल दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवावं. त्या वर्षी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि त्याच वर्षी निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारात दिला. वऱ्हाडची काळी माती कापसाची. तोवर इथला कापूस बैलांच्या पाठीवर, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. साहेबाची नजर आमच्या बोंडांवर खिळली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा, चांदूर, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. अमेरिकेतलं युद्ध दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं, पण रूळ पडले ते पडलेच. कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचं. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं खामगावला आले. एवढा मोठा माणूस तिथे कशाला? कापसाच्या बाजारासाठी आणि जलंबहून तिथे नेलेल्या छोट्या फाट्याच्या उद्घाटनासाठी.

रुळांनी प्रांताचा नकाशा फिरवला. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, एकेकाळी इमादशाहीची राजधानी. मुख्य लोहमार्गापासून ते दूर राहिलं. १९०५ मध्ये त्याचा जिल्हाही मोडला आणि अमरावतीत मिसळला.

या जुन्या राजधानीच्या वाट्याला पुढे एक छोटी गाडी आली. किलिक निक्सन कंपनीनं विसाव्या शतकाच्या आरंभी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक लाइन दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, दुसरी कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर, रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. हीच आपली शकुंतला. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडलेलं तिचं इंजिन १९९४ पर्यंत वाफ सोडत धावलं.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. ही लाइन कंपनीचीच राहिली. गाडी सरकार चालवी आणि करारानुसार कंपनीला वाटा देई. तो पैसा इंग्लंडच्या राणीला जातो, असं पारावर अजून सांगतात. त्यात तथ्य नाही. किलिक निक्सन मुंबईची कंपनी, आणि तिची मालकी केव्हाच भारतीयांकडे आली होती. खरं दुखणं वेगळं होतं. मालक एक, चालवणारा दुसरा. रुळांवर पैसा कुणी घालायचा, या घोळात रूळ झिजले, वेग उतरला, आणि गेल्या दशकात आधी यवतमाळची, मग अचलपूरची फेरी थांबली. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या. मधल्या गावांतल्या मजुराची, भाजीवालीची, कॉलेजच्या पोराची स्वस्त गाडी मात्र गेली.

आता आमची मुख्य लाइन पाहा. १९२५ मध्ये सरकारनं तिचा कारभार हाती घेतला. पुढे दुसरा रूळ पडला, वाफ गेली, वीज आली. २०२५ मध्ये केंद्रानं वर्धा ते भुसावळ ३१४ किलोमीटरवर तिसरी आणि चौथी मार्गिका मंजूर केली. १८६७ च्या त्या मार्गात तेव्हाचं लोखंड आज किती उरलं असेल? वाट तेवढी जुनी.

‘साहेबाचं काम पक्कं’ असं आपण कौतुकानं म्हणतो. मग दोन्ही लाइनी साहेबांच्या काळच्या, दोन्ही कापसासाठी टाकलेल्या; एक धावते आहे, दुसरीवर गवत का? पहिलीवर दर पिढीनं खर्च केला, म्हणून ती आपली झाली. बांधणाऱ्याची पुण्याई पन्नास वर्षं पुरते, पुढचं आपल्यालाच करावं लागतं.

शकुंतलेवर आम्ही कविमंडळींनी भरपूर उसासे टाकले आहेत. माझ्याही वहीत तिच्यावर एक कविता आहे. पण कवितेनं स्लीपर बदलत नाहीत. त्याला दरवर्षी अंदाजपत्रकात रक्कम लागते, आणि ती मागायला अचलपूर, यवतमाळचे लोक उभे राहतात तेव्हा चांदूरकरांनीही त्यांच्या सुरात सूर मिसळावा. रुळांनी आम्हाला नाव दिलं. तेवढं देणं आम्ही लागतो.