डायोजिनीस : चलनातल्या मूल्यांवर घाव घालणारा तत्त्वज्ञ

१/ इ.स.पू. चौथे शतक. अथेन्समध्ये एक माणूस दगडी पुतळ्यासमोर हात पसरून भीक मागत उभा आहे. याचा उपयोग काय, असे लोक विचारतात. नकार पचवण्याचा सराव करतो आहे, असे तो सांगतो. हा सिनोपीचा डायोजिनीस. त्याचे किस्से जगभर फिरले. त्यांना बांधणारे सूत्र मात्र एका फसलेल्या नाणे-प्रकरणात सापडते. #थ्रेड

२/ सिनोपी हे काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ग्रीक बंदर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिनोप. डायोजिनीसचा पिता हिकेसियस तेथे सराफ होता. शहराच्या नाण्यांत ढवळाढवळ केल्याच्या आरोपामुळे हे घराणे अडचणीत आले आणि मुलाला परागंदा व्हावे लागले, असे प्राचीन चरित्रकार सांगतात.

३/ ही दंतकथा वाटू शकते. परंतु छिन्नीचे घाव घालून बाद केलेली त्या काळातील सिनोपीची नाणी प्रत्यक्ष सापडली आहेत आणि सिनोपीच्या काही नाण्यांवर हिकेसियस हे नावही आहे. एवढ्यावरून सारी कथा सिद्ध होत नाही. पण तिच्या मुळाशी काहीतरी खरे घडले असावे, असे मानण्यास आधार मिळतो.

४/ ग्रीक भाषेत नाणे म्हणजे ‘नोमिस्मा’ आणि रूढी किंवा कायदा म्हणजे ‘नोमोस’. दोन्ही शब्द एकाच कुळातले. सर्वांनी मानले म्हणून नाणे चालते, रूढीचेही तसेच. डायोजिनीसने आपल्यावरचा आरोपच ब्रीद म्हणून स्वीकारला. समाजात चलनी असलेल्या प्रत्येक मूल्यावर घाव घालायचा आणि आतला धातू पाहायचा.

५/ अथेन्समध्ये तो परका होता. त्याला नागरिकत्व नव्हते, घरही नव्हते. तो एका मोठ्या मातीच्या रांजणात राहू लागला. अनेक चित्रांत दिसणारे लाकडी पिंप ही नंतरची कल्पना; ग्रीक ‘पिथोस’ म्हणजे धान्य, तेल, मद्य साठवण्याचा रांजण. लोक त्याला कुत्रा म्हणत. तेही नाव त्याने आनंदाने घेतले. ‘श्वानवत्’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच ‘सिनिक’ हे पंथनाम आले.

६/ पहिला घाव पांडित्यावर. प्लेटोने माणसाची व्याख्या ‘पिसे नसलेला द्विपाद प्राणी’ अशी केली आणि तिची वाहवा झाली. डायोजिनीस पिसे उपटलेला कोंबडा घेऊन प्लेटोच्या शाळेत गेला आणि हा घ्या प्लेटोचा माणूस, असे त्याने जाहीर केले. त्यानंतर व्याख्येत ‘रुंद नखांचा’ हे शब्द जोडावे लागले, असे सांगतात.

७/ दुसरा घाव प्रतिष्ठेवर. देवळाच्या खजिन्यातील एक वाडगा चोरणाऱ्या माणसाला मंदिराचे अधिकारी पकडून नेत होते. ते पाहून, मोठे चोर धाकट्या चोराला घेऊन चालले आहेत, असे तो म्हणाला. गुन्हा कोणता ठरतो आणि अधिकार कोणता, हा प्रश्न त्याने एका वाक्यात भर रस्त्यात मांडला.

८/ या विनोदामागे कठोर साधना होती. उन्हाळ्यात तो तापलेल्या वाळूत लोळे, हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या पुतळ्यांना मिठी मारी. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने स्वतःजवळचा पेला फेकून दिला. साधेपणात एका पोराने आपल्याला हरवले, याची त्याला खंत वाटली. गरज जेवढी कमी, तेवढी कोणाची भीड बाळगण्याची वेळ कमी, हे त्याचे गणित होते.

९/ या गणिताची सर्वांत प्रसिद्ध परीक्षा कॉरिंथ येथे झाली. प्लुटार्कच्या वृत्तान्तानुसार तरुण अलेक्झांडर त्याला भेटायला गेला आणि काय हवे ते माग म्हणाला. ऊन खात पडलेल्या डायोजिनीसने त्याला जरा उन्हातून बाजूला व्हायला सांगितले. देणे किंवा हिरावून घेणे, हीच राजाची ताकद. ज्याला काही नकोच, त्याच्यापुढे ती लुळी पडते.

१०/ हे शस्त्र पुढे एका स्त्रीनेही उचलले. मॅरोनियाची हिपार्किया ही सिनिक तत्त्वज्ञ क्रेटीसची पत्नी. श्रीमंत घर सोडून तिने त्याचे फकिरी जीवन पत्करले. एका मेजवानीत थिओडोरस नावाच्या विचारवंताने, माग सोडून आलेली बाई हीच का, असे तिला हिणवले. तिने शांतपणे विचारले : मागावर वाया गेला असता तो वेळ मी शिक्षणाला दिला, यात माझे काय चुकले?

११/ हे सारे आपल्यापर्यंत कसे पोहोचले? मुख्य आधार म्हणजे डायोजिनीस लेअर्टियसचा चरित्रसंग्रह. नाव सारखे असले तरी हा लेखक साधारण पाचशे वर्षांनंतरचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. म्हणून प्रत्येक किस्सा जसाच्या तसा घडला, असे मानता येत नाही. उदाहरणार्थ, भर दिवसा दिवा घेऊन तो ‘प्रामाणिक माणूस’ शोधत होता असे म्हणतात. लेअर्टियसकडे तो केवळ ‘माणूस’ शोधतो. ‘प्रामाणिक’ ही भर मागाहूनची.

१२/ किस्से टिकले ते शाळांमुळे. अशा नेमक्या किश्शाला ग्रीक ‘ख्रेइया’ म्हणत. शब्दाचा अर्थच उपयोग. मुले तो गिरवत, त्याची विभक्तिरूपे चालवत, त्यावर निबंध लिहीत. इजिप्तमध्ये सापडलेल्या शालेय पपायरसांवर डायोजिनीसचे असे किस्से आहेत. रूढी मोडणारा माणूस अखेर व्याकरणाचा धडा झाला, म्हणजे स्वतःच चलनी नाणे बनला.

१३/ मग या नाण्यावर घाव कोणी घातला? उत्तर तक्षशिलेत मिळते. इ.स.पू. ३२६ च्या सुमारास अलेक्झांडरने डायोजिनीसचा अनुयायी ओनेसिक्रिटस याला तेथील नग्न तपस्व्यांकडे पाठवले. तीन दुभाष्यांमार्फत संवाद झाला. अंगरखा, टोपी, बूट घातलेल्या या पाहुण्याला पाहून कालानोस हसला : ऐकायचे असेल तर कपडे उतरव आणि याच तापलेल्या दगडांवर पड.

१४/ ज्येष्ठ तपस्वी मंदनिस याने कालानोसला दटावले. त्याने सॉक्रेटिस, पायथागोरस, डायोजिनीस यांच्याविषयी ऐकून घेतले. माणसे शहाणी दिसतात, पण निसर्गापेक्षा रूढीला मोठे मानतात, नाहीतर वस्त्रे टाकायला ती लाजली नसती, असा त्याचा अभिप्राय स्ट्रेबोने नोंदवला आहे.

१५/ हा वृत्तान्त ओनेसिक्रिटसचाच. त्याने आपल्या पंथाचे विचार मंदनिसच्या तोंडी घातले असावेत, अशी शंका अभ्यासक घेतात. तसे असले तरी एक गोष्ट उरते. साऱ्या ग्रीसवर गुरूने केलेला आरोप शिष्याने गुरूवरही होऊ दिला आणि तो लिहून ठेवला. डायोजिनीसची शिकवण त्याला समजली होती, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.