पायाचा गोफ

कोल्हापुरी वहाणेचे कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तळ किती पदरी, कातडे कोठे कमावलेले, करकर किती मोठी, ही चर्चा दुकानापासून पारापर्यंत कोठेही रंगते. परंतु त्याच वहाणेवर बारीक वाद्यांची जी वेणी बसवलेली असते आणि पुढे जो गोंडा लोंबतो, त्यांच्याकडे शोभा म्हणून पाहून आम्ही पुढे जातो. वेणी, गोफ, नाडा, गोफण ही सारी एकाच कुळातली. या कुळाला माग लागत नाही. खुंटीला अडकवलेले चार पदर आणि दहा बोटे एवढ्यावर ते चालत आले आहे. वस्त्राचा इतिहास लिहिणारे मागापासून सुरुवात करतात आणि गिरणीशी थांबतात. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या गिरणीची हकीकत करवीरच्या इतिहासात वाचावयास मिळते. नाडा कोणी वळला, हे कोण लिहून ठेवणार?

आज आम्हांस सांगावयाची आहे ती पायाला बांधावयाच्या गोफाची गोष्ट, आणि तिचे एक टोक फार दूर आहे. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातले पुरुष किल्ट नावाचे चुणीदार लोकरी वस्त्र नेसतात. त्याखाली गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. हे मोजे चालताना घसरतात, म्हणून गुडघ्याच्या खाली सुताची किंवा लोकरीची पट्टी आवळून बांधावयाची व तिची टोके बाजूला मोकळी सोडावयाची. हीच गार्टर. १७४६ च्या कायद्याने इंग्रजांनी या डोंगरी वेषावर बंदी घातली, ती १७८२ साली उठली. मात्र सरकारी पलटणींना ती लागू नव्हती. अशाच एका पलटणीचे, ७८ व्या हायलंडरांचे, शिपाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या कवायती पायदळासमोर किल्ट नेसून उभे राहिले. उघड्या गुडघ्यांचे ते गोरे पाहून आपल्या लोकांस काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे याच्या उलटही घडले. आपली पायाला गुंडाळावयाची साधी पट्टी इंग्रजी फौजेने उचलली आणि 'पुटी' या नावाने जगभर नेली.

१८२० साली लंडनच्या टॉमस हॅनकॉकने रबराच्या ताणपट्टीचे पेटंट घेतले, तेव्हा खरे म्हणजे या दोरीचे काम संपावयास हवे होते. ते संपले नाही. हौशी माणसे आजही मोज्याच्या रंगाची लोकर आणून आपली बांधणी आपणच विणतात. रीत अवघड नाही. जेवढी लांबी हवी तिच्या सुमारे दीडपट लांब असे चार पदर घ्यावेत व एका टोकाला गाठ मारून खुंटीला अडकवावेत. सर्वांत उजवीकडचा पदर मधल्या दोहोंच्या पाठीमागून न्यावा व त्यांतल्या पलीकडच्या पदरावरून आपल्या बाजूस परत आणावा. मग डावीकडचा तसाच. हे आळीपाळीने करीत गेले की गोल, घट्ट गोफ उतरतो. ताण मात्र एकसारखा हवा. एक हात सैल पडला की गोफ वाकडा जातो आणि तो वाकडेपणा पुढे कशानेही लपत नाही.

हे वाचताना आमच्या पंचक्रोशीतल्या कोणाही धनगराला हसू येईल. त्याच्या गोफणीच्या दोऱ्या अशाच पदरावर पदर टाकून वळलेल्या असतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. त्या लोकरीचे घोंगडे होते आणि दोरही होतो. सुश्रुताने जखमेवर बांधावयाचे चौदा बंध सांगितले, त्यांतल्या एकाचे नाव गोफणा आहे. गोमंतकात तर शिमग्याला माणसेच पदर होतात. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या हाती धरून नाचतानाच ते गोफ विणतात आणि उलट पावलांनी नाचून तो उकलतात. गळ्यात सोन्याचा गोफ मिरवणारे आमचे श्रीमंत तर हा दागिना दोऱ्याची नक्कल आहे, हेही विसरले.

आणि पायाला बांधावयाचा आमचा गोफ? तो म्हणजे चाळ. सुती दोर घेऊन त्यात एकेक घुंगरू ओवावयाचे आणि प्रत्येकामागे गाठ द्यावयाची, म्हणजे एक तुटले तरी बाकीची सांडत नाहीत. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास गुडघ्याखालच्या पट्टीच्या नावानेच आपल्या सरदारांचा एक संघ स्थापला. त्या देशात सरदारकीचा त्याहून मोठा मान नाही. आमच्याकडे 'चाळ बांधले' एवढे दोन शब्द एखाद्या बाईविषयी उच्चारले की तिला घराचे दार बंद. ज्या घरांनी हे शब्द तिरस्काराने वापरले त्याच घरांतले पुरुष तमाशाच्या फडात पुढच्या रांगेत बसत, हे आम्ही पाहिले आहे. दोर तोच, गाठही तीच. पाय बाईचा, आणि तोही पोटासाठी नाचणारा, एवढाच काय तो फरक.

काही वर्षांमागे करवीरातल्या एका वृद्ध कलावंतीण बाईंकडे आम्ही गेलो होतो. दाराच्या कडीला सुताचे पदर अडकवून त्या दोर वळीत बसल्या होत्या. बाजारात नायलॉनची दोरी तयार मिळते, मग हा खटाटोप का, असे आम्ही विचारले. "ती घामानं सरकती, बाबा. नाचताना ध्यान पायात ऱ्हायलं, तर गाण्यात काय ऱ्हानार?" वळणे संपल्यावर त्यांनी जुनी घुंगरे एकेक पुसून त्यात ओवली. त्या स्वतः नाचावयाच्या थांबून फार वर्षे झाली होती. चाळ नातीसाठी होते. नातीने ते हातात घेतले, कपाळाला लावले आणि मग जमिनीवर बसून पायाला गुंडाळू लागली.