नेपल्सचे ‘पालेखाऊ’ पास्ताकडे कसे वळले?

१/ मोठ्या शहरात उत्तम पास्ता कुठे मिळतो, हे आज आपण उपाहारगृहांच्या याद्या चाळून ठरवतो. अठराव्या शतकातील नेपल्समध्ये याचे उत्तर सोपे होते: जवळच्या नाक्यावर. ही वेळ त्या शहरावर कशी आली, याचा हा धागा.

२/ आधी एक गैरसमज दूर करू. मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला, ही कथा निराधार आहे. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्यापूर्वीच, ११५४ च्या सुमारास, भूगोलज्ञ अल् इद्रिसीने सिसिलीतील त्राबिया येथे शेवयांसारखा पदार्थ तयार होऊन जहाजांतून दूरवर जात असल्याची नोंद केली होती.

३/ नेपल्सची ख्याती मात्र निराळी होती. तेथील लोकांना ‘मांजाफोल्या’, म्हणजे ‘पालेखाऊ’, असे चिडवले जाई. कोबीसारख्या भाज्या आणि मांस हा त्यांचा आहार होता. पास्ता ही चैनीची वस्तू होती.

४/ सतराव्या शतकात चित्र पालटले. शहर स्पॅनिश अंमलाखाली होते. खेड्यांतून माणसे लोटत होती. १६५६ च्या प्लेगपूर्वी लोकसंख्या तीन लाखांवर गेली होती. करांचा बोजा असह्य झाला. १६४७ मध्ये मासानिएल्लोच्या नेतृत्वाखाली जे बंड उसळले, त्याची ठिणगी फळांवरील कर ही होती.

५/ इतिहासकार एमिलियो सेरेनी यांनी १९५८ च्या निबंधात याची संगती लावली. वाढत्या गर्दीला मांस पुरेना. त्याच काळात कणीक मळण्याची व साच्यातून दाबून काढण्याची यंत्रे रुळली. हे दाबयंत्र म्हणजे आपल्या सोऱ्याचा थोरला भाऊच. पास्ता स्वस्त झाला आणि चीजसह त्याने मांसाची जागा घेतली. ‘पालेखाऊ’ आता ‘मांजामाक्केरोनी’, म्हणजे ‘मॅकरोनीखाऊ’, झाले.

६/ जवळच्या ग्राग्नानोत रस्त्याकडेला काठ्यांवर पास्ता वाळत असे. उन्हाळी वाळवण पाहिलेल्या मराठी वाचकाला यामागचे गणित सांगायला नको: नीट वाळले तरच वर्षभर टिकते.

७/ १७८७ मध्ये नेपल्सला आलेल्या गटेने लिहिले आहे की, मॅकरोनी सर्वत्र अल्प किमतीत मिळते. पाण्यात उकडून वर किसलेले चीज घालतात. टोमॅटोचा उल्लेख तेथे नाही. टोमॅटो घातलेल्या शेवयांची कृती कावाल्कान्ती याच्या पाकग्रंथात १८३९ मध्ये आढळते.

८/ एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकार जॉर्जो सोमर याने हाताने लांबलचक पास्ता तोंडात सोडणाऱ्या गरिबांची चित्रे टिपली आणि ती प्रवाशांना विकली. नाणे मिळाले की असे खाऊन दाखवणारेही होते. एकाची भूक दुसऱ्याची करमणूक झाली.

९/ म्हणून ‘पारंपरिक’ या शब्दापाशी थोडे थांबावे. नेपल्सचा पास्ता केवळ आवडीतून रुजला नाही. मांस परवडेनासे झाले, तेव्हा गरिबांनी तो जवळ केला. त्यांच्या ताटातला हा पदार्थ पुढे साऱ्या देशाची ओळख ठरला, पण त्या खाणाऱ्यांची नावे कुठेही उरली नाहीत.

१०/ टंचाईतून जन्मलेला आणि आज अभिमानाने मिरवला जाणारा तुमच्या गावाचा पदार्थ कोणता? उत्तरात जरूर लिहा. धागा समाप्त.