वर्णसंकर आणि वंशावळ : जास्वंदीच्या हौशी संकराचा इतिहास

मराठीत ‘संकर’ हा शब्द दोन परस्परविरोधी परंपरांतून आला आहे. धर्मशास्त्राने त्याला दोष मानले. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाचे भय वर्णसंकराचेच आहे. अलंकारशास्त्राने मात्र त्याला सौंदर्याचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. तीळ-तांदळासारखे वेगळे ओळखू येणारे अलंकार एकत्र आले तर ती ‘संसृष्टी’ आणि दूध-पाण्यासारखे एकरूप झाले तर तो ‘संकर’. ‘वर्ण’ या शब्दाचा मूळ अर्थ रंग असाही आहे, हे ध्यानात घेतल्यास नव्या रंगाच्या फुलासाठी दोन झुडपांचे मीलन घडवणारा हौशी बागाईतदार शब्दशः वर्णसंकरच करीत असतो. ज्या शब्दाने समाजात भय निर्माण केले, तोच शब्द बागेत आनंदाचा ठरला. या अर्थांतराचा इतिहास जास्वंदीइतका स्पष्टपणे दुसऱ्या क्वचितच एखाद्या झुडपात दिसतो.

महाराष्ट्रात जास्वंद म्हटले की गणपतीला वाहायचे तांबडे फूल डोळ्यांपुढे येते. बंगालमध्ये तेच फूल कालीपूजेचे आहे. मलयाळममधील ‘चेंपरत्ती’ या नावातच तांबडेपणा आहे. हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) या बारा खंडांच्या ग्रंथात हे झाड मलबारच्या वनस्पतींमध्ये नोंदवलेले आहे. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी पंडितांचा सहभाग होता. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनिअसने या झुडपाला ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. अलीकडच्या संशोधनाचा कल मात्र वेगळा आहे. ही जातीच मुळात पॅसिफिक बेटांवरील लोकांनी दोन जातींच्या संयोगातून घडवलेली संकरज असावी, असे मत आता मांडले जाते. म्हणजे देवाला वाहिले जाणारे ‘शुद्ध’ तांबडे फूलही बहुधा एका विस्मृत संकराचेच फळ आहे.

नोंदलेल्या संकराचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकात मॉरिशसमध्ये झाला. चार्ल्स टेलफेअर (मृत्यू १८३३) यांनी तेथे स्थानिक बेटावरील जातीशी जास्वंदीचा संकर केला. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाईत या छंदाला उधाण आले. तेथील कृषी प्रयोग केंद्राने १९१३ मध्ये शोभेच्या जास्वंदीवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. अमेरिकेतील हौशी मंडळींची संस्था १९५० मध्ये स्थापन झाली. या विद्येत हौशी माणूस परिघावर कधीच नव्हता. प्रयोगशाळा पुष्कळदा त्याच्या मागून आली.

बंगळुरूला ही परंपरा दोन वाटांनी पोहोचली. पहिली वाट लालबागेची, तेथील पुष्पप्रदर्शनांची आणि खासगी रोपवाटिकांची. दुसरी १९६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची. हेसरघट्ट येथील या संस्थेने जास्वंदीचे अनेक संकरित वाण प्रसारित केले. त्यांची नावे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावीत अशी आहेत : ‘गीतांजली’, ‘चित्रलेखा’, ‘फुलकारी’, ‘नाझनीन’, ‘नर्तकी’, ‘आशीर्वाद’, ‘बसंत’. बंगाली, संस्कृत, पंजाबी, फारसी अशा भाषांची ही सरमिसळ म्हणजे फुलांच्या रूपाने लिहिलेली एक बहुभाषिक सूचीच होय.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाकडून सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या सर्जापूर रोडवर शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांनाही येथे अंगण मिळत नाही, मिळते ती गच्ची किंवा सज्जा. सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे सौम्य हवामान मात्र कुंडीतल्या जास्वंदीलाही मानवते आणि ती जवळजवळ बारमाही फुलते. संकरासाठी लागणारी सामग्री एवढीच : दोन झुडपे, एक मऊ कुंचला, दोरा आणि चिठ्ठी.

कृती सोपी, फलित अनिश्चित. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. त्या अवधीत एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या पाच कुक्षींवर लावायचे आणि देठाला जनक-जननीच्या नावांची चिठ्ठी बांधायची. बोंड धरलेच तर ते पिकायला दीड-दोन महिने लागतात. बी रुजून पहिले फूल यायला पुष्कळदा वर्ष लोटते. तांबडा आणि पिवळा मिळून केशरी, हे चित्रकाराचे गणित येथे चालत नाही. तांबड्या छटा अँथोसायनिनमुळे येतात, पिवळ्या मुख्यतः कॅरोटिनॉइडांमुळे, आणि दोहोंचा वारसा वेगवेगळ्या वाटांनी उतरतो. त्यातच जास्वंदीत गुणसूत्रांचे अनेक संच असल्याने एकाच बोंडातल्या बिया वेगवेगळ्या रंगांची फुले देतात. तापमान बदलले की एकाच झुडपावरची छटाही बदलते. म्हणून नव्या रंगाचा निवाडा एका ऋतूत करता येत नाही.

येथे साहित्यव्यवहारातील एक भेद उपयोगी पडतो. बी हे रूपांतर आहे, फांदी ही प्रत आहे. बियांतून तोच रंग पुन्हा मिळवता येत नाही. तो टिकतो केवळ छाट कलमाने किंवा डोळा भरून. भाड्याचे घर बदलले, कुंडी मागे राहिली, आणि कोणा शेजाऱ्याच्या हाती फांदी गेलेली नसली, तर तो रंग जगातून कायमचा जातो. एकमेव हस्तलिखित नष्ट व्हावे तसाच हा नाश आहे. चिठ्ठी पावसात विरली तर फूल उरते, पण त्याची वंशावळ जाते. मग ते इतिहासाबाहेरचे, निनावी फूल होते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा (२००१) नोंदणीच्या अर्जात मूळ पालकवाणांची माहिती मागतो, त्यामागील तत्त्वही हेच आहे.

म्हणून हौशी संकरकाचे खरे कर्तृत्व केवळ नव्या रंगात शोधणे अपुरे ठरते. वर्णसंकराचे जुने भय कुळाचा ठाव पुसला जाण्याचे होते. गच्चीवरचा बागाईतदार संकर करतो आणि त्याच वेळी कुळ लिहून ठेवतो. भेसळ आणि वंशावळ यांचे वैर तो मिटवतो. शेजाऱ्याला दिलेली फांदी आणि तिच्यासोबतची चिठ्ठी या दोन गोष्टींवर त्याच्या नव्या रंगाचे आयुष्य अवलंबून असते. दूध-पाण्याचा संकर वेगळा करता येत नसेल, परंतु त्यात कोणते दूध आणि कोणते पाणी होते, हे सांगता येते.