परवानगीची वाट पाहणारे औषध

'पूर्वपरवानगी' म्हटले की आपल्याला सरकारी कचेरी आठवते. ज्यांनी आरोग्य विमा उतरवला आहे, त्यांना रुग्णालयात दाखल होतानाची धावपळही आठवेल. अमेरिकेत मात्र या एका शब्दापायी अनेक रुग्ण औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत फिरत. हे रुग्ण हेरॉइन किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकलेले होते. औषध उपलब्ध होते, डॉक्टरांनी ते लिहूनही दिले होते, विम्याचा हप्ता भरलेला होता. अडत होते ते विमा कंपनीच्या होकारापाशी. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९१४ साली अमेरिकेत हॅरिसन कायदा झाला. तो अमली पदार्थांवरील कराचा कायदा होता आणि उपचारासाठी असे पदार्थ देण्याची डॉक्टरांना त्यात मुभा होती. पण १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेब खटल्यात निकाल दिला, की व्यसनी माणसाला त्याची नेहमीची मात्रा चालू राहावी एवढ्यासाठीच लिहिलेली चिठ्ठी ही वैद्यकीय चिठ्ठीच नव्हे. मग डॉक्टरांवर खटले भरले गेले. काही शहरांनी व्यसनींसाठी काढलेले दवाखाने बंद पडले. आजाराचा गुन्हा झाला आणि डॉक्टरांनी या रुग्णाकडे जवळजवळ अर्धे शतक पाठ फिरवली.

ही कोंडी न्यूयॉर्कमध्ये फुटली. डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मारी नाइस्वाँडर यांनी हेरॉइनच्या २२ रुग्णांना मेथाडोन देऊन पाहिले आणि १९६५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथाडोन अफूच्याच जातीचे, पण त्याचा परिणाम सावकाश होतो आणि दिवसभर टिकतो. योग्य मात्रेत ते तलफ शमवते, पण झिंग आणत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. 'एक नशा सोडवायला दुसरी नशा?' असा आक्षेप लगेच आला. डोल यांचे म्हणणे असे, की हा मधुमेहासारखा शरीराच्या कारभारातला बिघाड आहे आणि त्यावर दीर्घकाळ औषध घ्यावे लागले, तर त्यात वावगे काही नाही.

सरकारने १९७०च्या दशकात या उपचाराला मान्यता दिली, पण खास परवान्याच्या दवाखान्यांपुरतीच. रुग्णाने रोज यायचे, रांगेत उभे राहायचे आणि परिचारिकेसमोर औषध प्यायचे. नेहमीचा डॉक्टर, रुग्णालय आणि औषधाचे दुकान या तिन्हींपासून हा उपचार दूरच राहिला. खासगी विमा तर याच तिघांच्या बिलांवर चालतो. साहजिकच अनेक पॉलिसींत मेथाडोनला जागा नव्हती. खर्च सरकारी निधीतून तरी व्हायचा, नाहीतर रुग्णाच्या खिशातून.

२००० सालच्या कायद्याने दार थोडे उघडले. २००२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला व्यसनोपचारासाठी मंजुरी मिळाली. खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ते आपल्या दवाखान्यात, ठरावीक संख्येच्या रुग्णांना लिहून देऊ शकत होता. आता प्रश्न विमा कंपन्यांच्या दारात आला. त्यांनी सरळ नकार दिला नाही, अटी घातल्या. आधी परवानगी घ्या, मात्रेची मर्यादा पाळा, समुपदेशनाचा पुरावा द्या. ज्या गोळ्यांनी व्यसन लागले, त्यांना मात्र अनेकदा अशी आडकाठी नव्हती.

विम्यात मनाचे आणि शरीराचे आजार समान मानावेत, असा कायदा १९९६ मध्ये झाला होता, पण त्यात व्यसन धरलेले नव्हते. पुढची लढाई लढली ती घरात दुःख पाहिलेल्यांनी. सिनेटर पॉल वेलस्टोन यांच्या भावाला मानसिक आजार होता, सिनेटर पीट डोमेनिची यांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया. प्रतिनिधिगृहातले पॅट्रिक केनेडी आणि जिम रॅमस्टॅड स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले. वेलस्टोन २००२ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांचे आणि डोमेनिचींचे नाव दिलेला कायदा ऑक्टोबर २००८ मध्ये संमत झाला, तोही बुडत्या बँका वाचवण्याच्या विधेयकाला जोडून! विम्यात व्यसनोपचार असेल, तर त्यावर इतर आजारांपेक्षा कडक अटी नकोत, असे तो सांगतो. तो उपचार विम्यात असलाच पाहिजे, ही सक्ती २०१० च्या आरोग्य कायद्याने केली. वैयक्तिक आणि छोट्या गटांच्या नव्या पॉलिसींना ती २०१४ पासून लागू झाली.

तरीही पूर्वपरवानगी उरलीच. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी केल्यावर २०१६ मध्ये सिग्ना आणि २०१७ मध्ये अँथम या कंपन्यांनी ती अट सोडायचे मान्य केले. एक-दोन दिवसांच्या विलंबाने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. पण हा रुग्ण औषध घ्यायला तयार होतो, ती घडी फार छोटी असते. नशा उतरू लागली, की काही तासांत अंग मोडते, उलट्या होतात, झोप उडते. परवानगी यायच्या आत तो पुन्हा जुन्या विक्रेत्याकडे जातो. तिथल्या पुडीत फेन्टानिल मिसळलेले असेल, तर ती पुडी शेवटची ठरू शकते. २०२१ या एका वर्षात अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने अमेरिकेत ८० हजारांहून अधिक माणसे गेली.

ब्युप्रेनॉर्फिनसाठी डॉक्टरांना लागणारी खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. व्यसनोपचाराचे मेथाडोन मात्र आजही तिथल्या साध्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. एवढे कायदे होऊनही खरी परीक्षा त्या दुकानातच होते. रुग्ण ज्या दिवशी चिठ्ठी घेऊन येतो, त्याच दिवशी त्याला औषध मिळते का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)